वहीतला उजवा रकाना

मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. आमच्या कामात उपास धरायचा तर आधी ड्यूटीचा तक्ता बघावा लागतो, कारण सलाइनची सुई लावताना हात थरथरून चालत नाही. म्हणून कित्येक वर्षं मी ईस्टरच्या आधीच्या आमच्या ख्रिस्ती उपासकाळातले शुक्रवार तेवढे धरत आले. मागच्या वर्षी मात्र राखेच्या बुधवारपासून (कपाळाला राख लावून हा काळ सुरू होतो तो दिवस) पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, सगळा काळ धरायचा, असं मनाने घेतलं. माझी प्रार्थना स्कूटीवर सिग्नलला थांबल्यावर, लिफ्टमध्ये, कपडे वाळत घालताना व्हायची. तशी प्रार्थनाही प्रभू ऐकतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सर्वांत मोठी आज्ञा सांगताना येशूने अंतःकरण, जीव, बुद्धी आणि शक्ती, सगळंच मागितलं आहे. ते सगळं एकदा तरी एका जागी गोळा करून त्याच्यापुढे ठेवावं, अशी ओढ लागली होती.

या काळाचा हिशेब नवख्या माणसाला गोंधळात टाकतो. राखेच्या बुधवारपासून सणाच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर दिवस भरतात ४६. त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण प्रत्येक रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. उरले ४०, अरण्यात येशूने उपास केला तेवढे. काय सोडायचं, किती सोडायचं, याचा आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कायदा नाही. कोणी मांस-मच्छी सोडतं, कोणी एकवेळ जेवतं, कोणी सूर्य मावळेपर्यंत पाण्यावर राहतं. मी पाण्यावरचा धरला. शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी आपुलकीने विचारलं, "साबुदाणा चालते ना वो तुमाले?" मी सांगितलं, आमच्यात फराळ नसतो, संध्याकाळी घरात असेल ते साधं जेवण घ्यायचं. "मंग सांजच्याले येईन घेऊन," म्हणाल्या, आणि खरंच दिवेलागणीला वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

घरात उपासाच्या खऱ्या जाणकार म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर स्कॉटिश मिशनच्या परंपरेतलं, स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये नागपुरात येऊन जे काम सुरू केलं त्या मंडळीतलं. त्या परंपरेत कपाळावर राख नव्हती आणि सणाआधीचा हा ठरलेला उपासकाळही पाळत नसत. पण घरात कोणी अत्यवस्थ झालं, पाऊस लांबला, कोणाची नोकरी गेली, की त्यांचे वडील सगळ्यांना ओसरीवर बोलावून उपासाची प्रार्थना ठरवायचे. सासर मात्र अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं, तिथे राखही होती आणि शुक्रवारही होते. २९ नोव्हेंबर १९७० ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा आई, म्हणजे सासूबाई, नव्या नवरी म्हणून त्या आवारात हजर होत्या. दोन्ही घरांच्या रीती त्यांनी सारख्याच जिवाने पाळल्या. मला त्यांनी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवली. "उपासात राग येते. तो उपासाचा नसते, आपलाच असते. भरल्या पोटाखाली दबून राहते तो. आला का त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची." पुढच्या काही आठवड्यांत मला हे वाक्य दिवसातून कित्येकदा आठवलं. वॉर्डबॉयला उशीर झाला, नातेवाइकांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, की घशाशी जे येई ते मी नावानिशी प्रभूपुढे मांडू लागले. आज कोणावर चिडले, का चिडले, आणि त्यात अहंकार किती होता.

पहिल्या आठवड्यात भुकेपेक्षा चहाने जास्त छळलं. रोज चार-पाच कप पिणाऱ्याने चहा एकदम बंद केला की दिवसभरात डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी ठणका वाढतो आणि कधी कधी आठवडाभर रेंगाळतो. ते कॅफिन तुटल्याचं दुखणं आहे, त्याला आत्मिक लढाई वगैरे समजू नये. मला कोणी विचारलं तर मी सांगते, उपासकाळाच्या आधीच्या आठवड्यापासून एकेक कप कमी करत या. रात्रपाळीचं मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारून ठरवलं. त्या दिवसांत उपास पहाटेपासून संध्याकाळी सहापर्यंत, मग पोटभर जेवून ड्यूटीवर जायचं, रात्री ताक-पाणी लागेल ते घ्यायचं. सकाळी सुटी झाली की दवाखान्याच्या कोपऱ्यावर तर्री पोह्याचा ठेला लागलेला असतो. भगोण्यात लाल तवंग, त्यात हरभरे, पोह्यावर ती तर्री ओतताना निघणारी वाफ रस्त्याच्या पलीकडेपर्यंत येते. रात्रभर जागलेल्या शरीराला तो वास सहन होत नाही. तिथून जाताना मी बायबलमधलं ६३ वं स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. रुक्ष, निर्जल भूमीत माझा जीव तुझ्यासाठी तान्हेला झाला आहे, असं दावीद म्हणतो. भुकेला हे शब्द मिळाल्यावर तिचं तोंड वळलं. आधी ती मला ठेल्याकडे ओढत होती, नंतर ती मला प्रार्थनेची आठवण करून देऊ लागली. उपासाचा एवढा तरी अर्थ मला शरीराने कळला, पुस्तकातून कळला नसता.

एका शुक्रवारी उपासप्रार्थनेला आलेल्या एक ताई बसल्या जागी कलंडल्या. अंग घामाने डबडबलेलं, बोलणं अडखळत. ग्लुकोमीटर माझ्या पर्समध्ये असतोच. साखर ५४, म्हणजे फारच कमी. सकाळची शुगरची गोळी त्यांनी नेहमीसारखी घेतली होती आणि त्यावर पाण्याशिवाय काही नाही. शुद्धीत होत्या, गिळता येत होतं, म्हणून साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग बिस्किटं आणि थोड्या वेळाने पोळी दिली. सावरल्यावर त्या म्हणाल्या, "मला वाटलं, विश्वासाने धरलं तर प्रभू सांभाळेल."

त्यांच्या विश्वासाबद्दल मला आदरच वाटतो. पण येशूच्या उपासात सैतानाने त्याला मंदिराच्या शिरोभागी उभं करून नेमकं हेच सुचवलं होतं, उडी टाक, देवदूत झेलतील. वचन सुद्धा काढून दाखवलं. आणि उपाशी येशूने उत्तर दिलं की परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. जीव ओतून केलेली भक्ती आणि जिवावर उदार होऊन केलेली भक्ती यांत फरक आहे, आणि तो खुद्द प्रभूने उपासात असतानाच दाखवून दिला. आमच्या मंडळीत आता उपासाची घोषणा करतानाच सांगतात की इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणारे, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, किडनी आणि अल्सरचे रुग्ण, थकलेले म्हातारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडायचं नाही. पाणी तर कोणीच सोडायचं नाही. बायबलमधल्या एस्तेर राणीने तीन दिवस पाण्यावाचून उपास सांगितला, तो अख्ख्या जमातीच्या कत्तलीचं फर्मान निघालं होतं तेव्हा. नागपूरचा मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो, इथे पाण्याशी खेळ नको. माझ्या नवऱ्याला मधुमेह आहे. त्यांनी रात्रीच्या बातम्या आणि जेवणानंतरचा मोबाइल सोडला आणि तो वेळ आईंना शास्त्र वाचून दाखवायला दिला. बायबलमधल्या दानिएल संदेष्ट्याने तीन आठवडे स्वादिष्ट अन्न, मांस आणि द्राक्षारस तेवढा सोडला होता, तोही उपासच होता. नवऱ्याच्या उपासाला घरात कोणी माझ्यापेक्षा कमी मानलं नाही, आणि खरं सांगायचं तर आईंना सर्वांत जास्त सुख त्याच उपासाने दिलं.

प्रार्थनेची वेळ मी पहाटेची धरली होती, घर उठायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी सतरंजी टाकून. आधी एक स्तोत्र हळू आवाजात वाचायचं, मग काही न मागता बसायचं, मग वही उघडायची. काही न मागता बसणं सर्वांत जड गेलं. मधल्या आठवड्यांत तर शब्द साफ आटले. डोळे मिटले की वॉर्डातल्या औषधांच्या वेळा दिसायच्या. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बसून राहा. काही नाही सुचलं तर नुसतं नाव घे त्याचं." मी तेच केलं. त्या दिवसांत काही मोठं जाणवलं नाही, पण उठून जावंसंही वाटलं नाही.

वहीची रीत पाळकसाहेबांनी घालून दिली होती. पानावर मधोमध रेघ. डावीकडे प्रार्थनेची मागणी. उजवीकडे, त्या मागणीतलं माझ्या हातात काय आहे ते. उजवा रकाना कोरा राहिला तरी चालेल, पण विचार न करता कोरा ठेवायचा नाही, एवढीच अट. बुधवारच्या शास्त्राभ्यासाला त्यांनी यासाठी बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक घेतलं होतं. शूशन राजवाड्यात पारसाच्या राजाला प्याला देणारा हा माणूस. यरुशलेमेचा कोट पडलाय, वेशी जळाल्या आहेत, हे ऐकून तो खाली बसला, रडला, उपास करून प्रार्थना करू लागला. बातमी आली यहुदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात आणि राजापुढे त्याने तोंड उघडलं निसान महिन्यात, म्हणजे मध्ये सुमारे चार महिने गेले. राजाने विचारलं, तुला काय पाहिजे? त्याने मनात देवाची प्रार्थना केली आणि लगेच सगळं सांगून टाकलं. किती दिवस लागतील, वाटेतल्या सुभेदारांना पत्रं हवीत, आणि वेशींच्या तुळयांसाठी राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावाने पत्र हवं. पाळकसाहेब म्हणाले, "बघा, चार महिने रडताना त्याने लाकडाचाही विचार करून ठेवला होता." पुढे शत्रू चालून येतात तेव्हाही तसंच. आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला, असं तो एका दमात लिहितो.

माझ्या वहीत डाव्या बाजूला पहिल्या दिवसापासून एक ओळ होती: कॉरिडॉरमधली माणसं. नागपूरला दवाखान्यांसाठी कुठून कुठून लोक येतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया तर आहेच, छिंदवाडा, बालाघाट आणि छत्तीसगडमधूनही येतात. आत आयसीयूत एक माणूस आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये चादर टाकून तिघं-चौघं. पेशंटला डाएट मिळतं. बाहेरच्यांकडे बिस्किटांचे पुडे आणि नळाचं पाणी, कारण जवळचे सगळे पैसे औषधांच्या काउंटरवर गेलेले असतात. मी त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं प्रार्थना करत आले होते की प्रभू, यांच्या जेवणाची काही सोय कर. उजवा रकाना भरायला बसले तेव्हा उत्तर समोरच्या ओट्यावर होतं. उपासाच्या दिवशीही घरात माझ्या वाटचा स्वयंपाक होतच होता. दोन पोळ्या, भाजी, वरण-भात. तो रात्री फ्रिजमध्ये जायचा.

बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचा ५८ वा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास करतो तरी तू बघत का नाहीस? आणि देव सांगतो, मला हवा तो उपास असा: भुकेल्याला आपली भाकर वाटून द्या, निराश्रिताला घरात घ्या, आपल्याच माणसांपासून तोंड लपवू नका. त्या पहाटे मला पहिल्यांदा असं वाटलं की उपासाच्या दिवशीचं माझं जेवण माझं नसतंच. ते देवाला दिलं म्हणून मी सोडलंय, आणि देवाने ते कोणाला द्यायचं हे आधीच सांगून ठेवलंय. आमच्याकडे एक मिझो सिस्टर आहे, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या गावी हे रोज चालतं. मिझोराममध्ये भात शिजवायच्या आधी घरातली बाई तांदळाची एक मूठ बाजूच्या डब्यात काढते आणि तो तांदूळ मंडळीला जातो. १९१० पासून ही रीत आहे आणि त्या मुठींवर तिकडे केवढी तरी सेवा उभी राहिली. मीही दुसऱ्या दिवसापासून भात टाकताना एक मूठ जास्त घ्यायला लागले.

मेट्रनची परवानगी आधी घेतली. पेशंटला बाहेरचं काही द्यायचं नाही, फक्त सोबतच्या माणसाला, आणि ड्यूटी संपल्यावर, या अटींवर त्यांनी होकार दिला. डबा कोणाला द्यायचा हे ठरवताना फार शोधावं लागलं नाही. भामरागडकडची एक म्हातारी लिफ्टच्या बाजूला भिंतीला टेकून बसलेली असायची, नातू आत. मी पोळीभाजीचा डबा पुढे केला. तिने पोळी उचलली, दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली आणि परत डब्यात ठेवली. तिला मराठी तुटकं यायचं, मला तिची माडिया भाषा अजिबात नाही. अहेरीकडचा एक वॉर्ड अटेंडंट होता, त्याने विचारून सांगितलं, "सिस्टर, तिले गहू पचत नाही म्हणते. भात असंल तर दे म्हणते."

दुसऱ्या दिवशी तांदळाची पातळ पेज नेली, वर चिमूटभर मीठ. डब्याच्या झाकणात थोडी थोडी ओतून तिने ती सावकाश प्यायली, झाकणाच्या कडेला लागलेली बोटाने निपटली, बेसिनवर जाऊन डबा स्वतः घासला आणि पालथा धरून पाणी निथळवून मला दिला. असं रोज सुरू झालं. मग एक दिवस तिने डबा परत देताना लुगड्याची गाठ सोडली. आत वाळलेली मोहाची फुलं होती, घरून आणलेली. पाच-सहा फुलं माझ्या तळहातावर ठेवून ती म्हणाली, "खा."

दुपारचे दोन वाजले होते. उपास संध्याकाळपर्यंत होता. अटेंडंटला माझ्या उपासाचं माहीत होतं, तो तिला सांगायला पुढे झाला, मी त्याला हातानेच थांबवलं. मी ती फुलं तिच्यासमोर उभी राहून खाल्ली. मनुकांसारखी गोड आणि मागून थोडी तुरट. पाळकसाहेबांना मी त्याबद्दल विचारलं नाही, मला विचारण्यासारखं त्यात काही वाटलं नाही. रोज माझ्या हातचं घेणाऱ्या बाईच्या हातचं मी एकदा घेतलं. ती त्या दिवशी मला पहिल्यांदा तोंडभर हसली.

कॉरिडॉरमध्ये प्रश्न उठायचे तेही उठले. दुसऱ्या पेशंटच्या मुलाने विचारलं, "कोन्या मिशनचं हाये का हे?" मी म्हणाले, "माझा उपास आहे. माझ्या वाटचं जेवण उरतं, ते आणते." यापलीकडे मी कधी काही बोलले नाही. प्रभूचं नाव घ्यायला मला संकोच वाटत नाही, माझ्या गळ्यात क्रूस असतो आणि तो सगळ्यांना दिसतो. पण ज्याचं माणूस आत व्हेंटिलेटरवर आहे, ज्याच्या हातात माझा डबा आहे आणि ज्याला उद्या पुन्हा माझ्याच हाताखाली आपला माणूस सोपवायचा आहे, त्याला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्यापुढे विश्वासाचा विषय काढू नये, असं माझं ठाम मत आहे. कोणी आपणहून विचारलं आणि तो मोकळा असला, तर मी रात्रभर सांगायला तयार आहे.

वहीत सगळ्याच ओळी अशा सुटल्या नाहीत. डावीकडे माझ्या दिरांची दारू होती. उजवीकडे सुरुवातीला मनात आलं ते ‘सोडवणे’. ते माझ्या हातात नाही, हे दारूड्याच्या घरात राहिलेल्या कोणालाही माहीत असतं. गलतीकरांच्या पत्रात एकाच अध्यायात पौल सांगतो की एकमेकांची ओझी वाहा, आणि तीन वचनांनंतर सांगतो की प्रत्येकाने आपापला भार वाहिला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत पाळायच्या म्हणजे काय, हे मला त्या ओळीने शिकवलं. मी लिहिलं: हातात पैसे द्यायचे नाहीत. रात्री कितीही वाजता आले तरी दार उघडायचं. ते स्वतः म्हणतील त्या दिवशी, रजा टाकून, डॉक्टरांकडे न्यायचं. बाकीचा भार त्यांचा. मंडळीतल्या काहींचं म्हणणं होतं की हात ठेवून प्रार्थना करा आणि आजच बाटली बंद करा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम थांबली तर फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो, त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बाहेर काढावं लागतं. मी हे सगळ्यांपुढे उभी राहून सांगितलं आणि हात ठेवून प्रार्थनाही केली. झावळ्यांच्या रविवारनंतर, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारनंतर, भाऊजी आपणहून म्हणाले, चला. भरती झाले, बरे होऊन आले, पावसाळ्यात पुन्हा प्यायले, पुन्हा गेले. आता ते दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगला जातात. त्यांचं नाव डाव्या रकान्यात आहे आणि उजवीकडचं मी जे लिहिलंय ते मी पाळते.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन क्रूसावरच्या सात उद्गारांची उपासना असते. बाहेर ऊन असं की पायरीवर चप्पल काढली तर पुन्हा पाय घालवत नाही. आत कूलर चालू, तरी घशाला कोरड. पाचवा उद्गार वाचला गेला, मला तहान लागली आहे. आयुष्यभर दर वर्षी ऐकलेलं वाक्य. त्या दिवशी माझी जीभ टाळूला चिकटलेली होती आणि पर्समध्ये पाण्याची बाटली होती, हवी तेव्हा उघडता येणारी. माझ्या प्रभूजवळ ती नव्हती. ज्याने झरे निर्माण केले त्याने माझ्यासाठी तहान सोसली, हे मला त्या बाकावर बसून इतकं खरं वाटलं की मी पुढचे दोन्ही उद्गार रडतच ऐकले. इतक्या आठवड्यांच्या कोरड्या पहाटांनंतर ते रडणं माझ्यासाठी मोठं देणं होतं. ते मागून मिळालं नसतं, आणि त्या पहाटा काढल्या नसत्या तर बहुधा मिळालंही नसतं.

सणाच्या पहाटेच्या उपासनेनंतर घरी आईंनी सगळ्यांना आधी मऊ भात आणि मग सोललेली संत्री दिली. मटण दुपारी. रिकाम्या राहिलेल्या पोटावर एकदम मसाला टाकू नये, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. म्हातारीचा नातू त्याच सुमारास जनरल वॉर्डात आला होता आणि पुढे माझी रजा असताना ते घरी गेले.

सण झाल्यावर डबा बंद करायचं काही कारण नव्हतं. पहिल्या काही शतकांतले ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करत, मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनेही पुढे तेच दिवस धरले. मी शुक्रवार कायम ठेवला. महिला मंडळात सांगितलं तर आणखी काही जणी तयार झाल्या आणि आता शुक्रवारी दोन दवाखान्यांच्या कॉरिडॉरमध्ये डबे जातात. पाळ्या लावल्या आहेत. शुगरवाल्या ताईंचा उपास नसतो, पण गहू न खाणाऱ्यांसाठी वेगळी पेज करायचं काम त्यांनी मागून घेतलं.

वाद एकाच गोष्टीवरून झाला. मंडळातल्या एक ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या की डब्यावर एक वचन तरी चिकटवा. प्रभूचं नाव न सांगता दिलं तर ती नुसती समाजसेवा झाली, आपण कशाला उपाशी राहतो मग? त्यांच्या बोलण्यात प्रभूवरचं प्रेमच होतं, आणि मी ते सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं. पण मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल येशू एकच सांगतो, गुप्तपणे कर, तुझा पिता पाहतो. उपासाच्या जेवणावर लेबल लावलं तर आपण उपास लोकांना दिसावा म्हणून डोक्याला तेल न लावता, तोंड न धुता बाजारात निघाल्यासारखं होईल, असं मी म्हटलं. बराच वेळ बोलणं झालं, प्रार्थना झाली, आणि लेबल नको असं ठरलं. त्या भगिनींना ते पटलेलं नाही, त्या अजूनही भेटल्या की विषय काढतात. वरणाची पाळी मात्र त्यांनी सोडलेली नाही, आणि येत्या शुक्रवारी भात माझा आहे.